किनाऱ्यावरच्या राइडमध्ये दुखापत झाली, तर दावा कोणावर?

कोल्हापूरच्या एका कुटुंबाने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. डिसेंबरमध्ये ही मंडळी मालवण तालुक्यातल्या एका होमस्टेमध्ये उतरली होती. होमस्टेच्या मालकांनी व्हॉट्सअ‍ॅपवरूनच पाच राइडचे पॅकेज ठरवून दिले आणि पैसे किनाऱ्यावर टेबल टाकून बसलेल्या एका मुलाच्या मोबाइल क्रमांकावर भरण्यात आले. बंपर राइडच्या वेळी ओढणारी बोट लाटेवरून वेगात गेली, मागची ट्यूब हवेत उडाली आणि ४१ वर्षांच्या वहिनी बसल्या जागी त्याच ट्यूबवर आदळल्या. कमरेचा एल-१ हा मणका दबला, तीन महिने पट्टा लावावा लागला आणि घरचा शिलाईचा व्यवसाय तेवढा काळ बंद राहिला. बोटवाल्यांचे म्हणणे असे की, तुम्ही फॉर्मवर सही केलेली आहे, तरीही माणुसकी म्हणून २५,००० रुपये देतो, स्टॅम्पपेपरवर तक्रार नसल्याचे लिहून द्या. सहीमुळे हक्क गेला का, जबाबदार नेमके कोण आणि दाद मागायची कुठे, हे कुटुंबाला जाणून घ्यायचे आहे.

सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीच्या न्यायालयांत वकिली करताना अशी प्रकरणे दोन्ही बाजूंनी हाताळलेली असल्यामुळे आधीच सांगतो की, सहीची भीती बाळगण्याचे फारसे कारण नाही. अशा दाव्यांत कायदा बहुतांशी जखमी पर्यटकाच्या बाजूनेच असतो. दावे अडतात ते ‘सामनेवाला कोण’, म्हणजे तक्रार नेमकी कोणाविरुद्ध, या एका रकान्यापाशी. टेबलावरचा मुलगा एकाचा भाचा, बोट दुसऱ्याच्या नावावर, परवाना तिसऱ्याचा आणि त्या दिवशी बोट चालवणारा चौथाच, अशी स्थिती आपल्या किनाऱ्यावर सर्रास आढळते. त्याकडे नंतर येतो, कारण सहीचा मुद्दा आधी मोकळा केलेला बरा.

राइडच्या आधी जो कागद पुढे केला जातो, त्यावर बहुधा ‘मी स्वतःच्या जबाबदारीवर सहभागी होत आहे, अपघात झाल्यास आयोजक जबाबदार राहणार नाहीत’ अशा अर्थाची दोन-तीन वाक्ये असतात आणि खाली आठ-दहा जणांच्या सह्या एकाखाली एक घेतल्या जातात. या कागदाला काहीच किंमत नाही असे मी म्हणणार नाही. समुद्रातल्या खेळात अंगभूत असलेले धोके, म्हणजे पाण्यात पडणे, नाकातोंडात पाणी जाणे, किरकोळ खरचटणे, हे आपण जाणूनबुजून पत्करले होते, एवढे त्यावरून सिद्ध होते. पण चालकाच्या निष्काळजीपणाला आगाऊ माफी देण्याइतके बळ त्या सहीत नसते. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये ताज महाल हॉटेल विरुद्ध युनायटेड इंडिया इन्शुरन्स या प्रकरणात ‘मालकाच्या जबाबदारीवर’ असे छापलेल्या पार्किंगच्या पावतीचा विचार केला होता आणि हॉटेलला स्वतःच्या किंवा आपल्या नोकरांच्या निष्काळजीपणाची जबाबदारी अशा छापील अटीने झटकता येणार नाही, असे ठरवले होते. तिथे प्रश्न चोरीला गेलेल्या मोटारीचा होता. जी अट मोटारीच्या बाबतीत टिकली नाही, ती माणसाच्या मणक्याच्या बाबतीत टिकावी असा युक्तिवाद बोटवाल्यांच्या वकिलाला बराच जड जाईल. शिवाय सार्वजनिक धोरणाच्या विरुद्ध असलेला करार भारतीय करार अधिनियमाच्या कलम २३ नुसार मुळातच निरर्थक ठरतो. कुटुंबातल्या अठरा वर्षांखालील मुलांनी अशा कागदावर केलेल्या सह्यांना तर करार म्हणून काहीच अर्थ नाही, कारण अज्ञानाचा, म्हणजे अल्पवयीनाचा, करार कायद्याने अस्तित्वातच येत नाही, हे १९०३ पासून ठरलेले आहे.

तेव्हा वाद खऱ्या अर्थाने उरतो तो निष्काळजीपणाचा, आणि तो शोधताना ‘समुद्राच्या हाती काय होते आणि टांडेलाच्या, म्हणजे बोट चालवणाऱ्याच्या, हाती काय होते’ हा प्रश्न विचारावा. लाट उठणे समुद्राच्या हाती होते. त्या लाटेला बोट किती वेगाने आणि कोणत्या कोनात घालायची, मागचा दोर केवढा सोडायचा, ट्यूबवर किती माणसे बसवायची आणि किनाऱ्यापासून किती अंतरावर वळण घ्यायचे, हे सारे टांडेलाच्या हाती होते. बंपरवर माणूस पाय पुढे करून, पाठ टेकवून किंवा ताठ बसलेला असतो. ट्यूब उडून पुन्हा पाण्यावर आपटते तेव्हा पाणी फरशीसारखे कठीण लागते आणि तो सगळा धक्का बैठकीतून थेट मणक्यात जातो. पाठीचा वरचा ताठ भाग आणि कमरेचा लवचिक भाग जिथे जुळतात, तिथलाच एल-१ हा मणका अशा वेळी दबतो. थोडक्यात, ही दुखापत कशी होते हे ठाऊक असलेले आहे, आणि जी इजा आधीच कल्पिता येते ती टाळण्याची काळजी घेणे हे सेवा विकणाऱ्याचे काम ठरते. ‘अचानक मोठी लाट आली’ हा बचाव ऐकायला ठीक वाटतो, पण ज्याचा जन्म दर्यावर गेला त्याने लाट अचानक आली असे म्हणावे, हे अशा तक्रारी ऐकणाऱ्या ग्राहक आयोगाच्या सदस्यांना सहसा पटत नाही.

याच संदर्भात एक साधा प्रश्न लेखी विचारून ठेवावा. बोटीवर किती माणसे होती? ओढणारी बोट चालवणारा पुढे पाहत असतो, त्यामुळे मागे ट्यूबवर काय चालले आहे ते पाहायला दुसरा माणूस हवा. हंगामात गर्दी वाढली की हाच दुसरा माणूस टेबलावर तिकिटे फाडायला जातो. केरळ पर्यटन विकास महामंडळाच्या कोवळम येथील हॉटेलमधील जलतरण तलावात २००६ मध्ये एक पाहुणे बुडून मरण पावले, त्या प्रकरणात जीवरक्षकालाच मद्य देण्याचे काम सोपवलेले होते, हा मुद्दा निर्णायक ठरला. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने दिलेली ६२.५० लाख रुपयांची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१९ मध्ये कायम केली. पाण्याशी संबंधित सेवा देणाऱ्याने काळजी किती घ्यायची, यासाठी आज आमच्यापैकी बहुतेक वकील पहिला आधार या निकालाचाच घेतात.

पुराव्याच्या बाबतीत मात्र राइडप्रमाणे फरक पडतो. पॅरासेलिंगचा दोर हवेत तुटला, तर घटना स्वतःच बोलते आणि दोर का तुटला याचा खुलासा मालकाला करावा लागतो. जेट स्कीने पोहणाऱ्याला धडक दिली, तरी फारसे सिद्ध करावे लागत नाही. (बऱ्याच जणांना ठाऊक नसते की नेहमीच्या जेट स्कीला वळण मिळते ते मागून फेकल्या जाणाऱ्या पाण्याच्या झोतामुळे. घाबरून थ्रॉटल सोडला की हँडल फिरवूनही ती सरळच जाते. पाच मिनिटांच्या तोंडी सूचनांवर नवख्याच्या हाती ती देणे हाच मुळात निष्काळजीपणा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.) बंपर किंवा बनाना राइडमध्ये उडणे-आपटणे हा खेळाचाच भाग असल्याचे सांगता येते, त्यामुळे वेग आणि वळण यांचा प्रत्यक्ष पुरावा लागतो. तो बहुधा बोटवाल्यांच्याच मोबाइलमध्ये असतो. राइडचे चित्रीकरण करून शंभर-दोनशे रुपयांना ते विकण्याची पद्धत आता सगळीकडे आहे. तुम्ही ती चित्रफीत घेतली असेल तर मूळ फाइल जपून ठेवा, व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरून आलेली प्रत नको. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार प्रमाणपत्र जोडून ती दाखल करता येते. घेतली नसेल, तर ती नष्ट करू नये अशी लेखी नोटीस आजच पाठवा. त्याच ट्यूबवर बसलेल्या इतरांची, विशेषतः तुमच्या कुटुंबाबाहेरच्या प्रवाशांची नावे मिळाली तर त्याहून चांगले.

आता मूळ अडचण, म्हणजे सामनेवाला कोण. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर नौकांची नोंदणी, तपासणी आणि जलक्रीडेची परवानगी यांचा विषय महाराष्ट्र सागरी मंडळाकडे येतो आणि मालवणचा भाग वेंगुर्ल्याच्या प्रादेशिक बंदर अधिकाऱ्यांच्या अखत्यारीत आहे. राज्य शासनाच्या २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणानुसार पर्यटन संचालनालयाकडेही नोंदणीची व्यवस्था आहे. या दोन्ही ठिकाणी माहिती अधिकारात वेगवेगळे अर्ज करा. प्रत्येकी दहा रुपये शुल्क आहे आणि उत्तरासाठी तीस दिवसांची मुदत आहे. अर्जात ‘का’ आणि ‘कसे’ असे प्रश्न न घालता कागदच मागावेत : अमुक किनाऱ्यावर अमुक तारखेला जलक्रीडेची परवानगी असलेल्या व्यक्तींची यादी, त्या परवानगीच्या अटी, अमुक क्रमांकाच्या नौकेचे नोंदणी व तपासणी प्रमाणपत्र, चालकाचे प्रशिक्षण प्रमाणपत्र आणि परवानगीच्या वेळी सादर केलेली विमा पॉलिसी. बोटीचा क्रमांक लक्षात नसतोच. पण तुमच्या स्वतःच्या फोटोंत मागे उभ्या असलेल्या बोटीच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, तो बहुधा सापडतो, तेव्हा फोटो मोठे करून पाहा. चालकाकडे गोव्यातील राष्ट्रीय जलक्रीडा संस्थेचे किंवा तत्सम प्रमाणपत्र नसेल, तर निष्काळजीपणाचा अर्धा दावा तिथेच उभा राहतो. परवानाच नसेल तर अधिकच. मात्र त्यात एक गोम आहे. विनापरवाना व्यवसाय असेल तर विमा कंपनी अंग काढून घेण्याची शक्यता वाढते आणि भरपाई वसूल करायला मागे उरते ती एक बोट आणि दोन इंजिने.

हे कागद येईपर्यंत थांबण्याचीही गरज नाही. ज्याच्या खात्यात पैसे गेले तो, बोटमालक, परवानाधारक, चालक आणि होमस्टेचे मालक, या सर्वांना नोटीस द्या आणि तक्रारीत सर्वांनाच सामनेवाले करा. त्यांच्यात जबाबदारी कशी वाटायची हा त्यांचा आपसातला प्रश्न आहे. कामावर ठेवलेल्या टांडेलाच्या चुकीला मालक उत्तरदायी असतो, हे तर जुनेच तत्त्व आहे. टेबलावरचा मुलगा ‘मी फक्त पैसे घेतो’ म्हणेल. त्याला उत्तर करार अधिनियमाच्या कलम २३० मध्ये आहे : एजंटाने आपण कोणासाठी काम करतो त्या मालकाचे नाव उघड केलेले नसेल, तर तो स्वतः कराराने बांधला गेला आहे असे गृहीत धरले जाते. किनाऱ्यावर नाव कोण सांगतो? म्हणून हे कलम आमच्या भागात फार उपयोगी पडते. काही किनाऱ्यांवर बोटी पाळीने लागतात, म्हणजे पैसे एकत्र जमा होतात आणि ज्याचा नंबर असेल त्याची बोट जाते. तिथे त्या गटाच्या प्रमुखालाही जोडावे.

होमस्टेच्या मालकांबद्दल तुमच्या पत्रात थोडा संकोच जाणवतो. त्यांनी जेवणखाण चांगले केले, इस्पितळात नेण्यासाठी स्वतःची गाडी काढली, त्यांना कशाला गोवायचे, असा. भावना समजते, पण कायद्याचे उत्तर त्या व्हॉट्सअ‍ॅप संदेशाच्या शब्दांवर अवलंबून आहे. ‘दोन दिवस राहणे, जेवण आणि पाच राइड मिळून इतके’ असे लिहिले असेल, तर राइड ही त्यांचीच सेवा ठरते आणि ती त्यांनी दुसऱ्याकडून करवून घेतली यामुळे जबाबदारी टळत नाही. ‘आमच्या ओळखीचा बोटवाला आहे, त्याचा नंबर देतो’ एवढेच असेल, तर त्यांच्यावरचा दावा दुबळा आहे. पैसे त्या मुलाच्या खात्यात स्वतंत्रपणे गेले, हे त्यांच्या बाजूने जाते. पॅकेज त्यांनी ठरवले, हे तुमच्या बाजूने. माझ्या मते त्यांना सामनेवाले करावे, कारण बोटवाला खरा कोण हे शपथेवर सांगू शकणारा माणूस बहुधा तोच असतो.

ग्रामपंचायतीला किंवा सागरी मंडळाला जबाबदार धरण्याची कल्पना अनेकांना सुचते. ग्रामपंचायतीने पर्यटकांकडून घेतलेल्या स्वच्छता कराची पावती हे राइडच्या मोबदल्याचे कागदपत्र नव्हे, त्यामुळे ग्राहक म्हणून तिथे दाद मिळणे कठीण आहे. देखरेखीतल्या कुचराईबद्दल दिवाणी दावा करता येतो, पण राज्य शासन पक्षकार असेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० ची दोन महिन्यांची नोटीस, कार्यकारणभावाचा काथ्याकूट आणि अनेक वर्षे, असा तो रस्ता आहे. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीजवळ स्कूबाहून परतणारी बोट उलटून दोन पर्यटकांचा मृत्यू झाला, तशा घटनेत यंत्रणेच्या जबाबदारीची चर्चा योग्यच आहे. तुमच्या प्रकरणात मी त्या वाटेला जाणार नाही.

दाद मागण्यासाठी मालवणला किंवा सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या मुख्यालयी ओरोसला खेपा घालाव्या लागतील, ही भीतीही सोडून द्या. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ च्या कलम ३४ नुसार तक्रारदार जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते, म्हणजे तुमचे प्रकरण कोल्हापुरात चालेल. आयोगाची आर्थिक मर्यादा मागितलेल्या भरपाईवरून न ठरता दिलेल्या मोबदल्यावरून ठरते. राइडचे पैसे काही हजारांत असल्यामुळे भरपाई कितीही मागितली तरी प्रकरण जिल्हा आयोगातच येते आणि पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्यावर तक्रारीला शुल्कही लागत नाही. पैसे दिरांनी भरले आणि दुखापत वहिनींना झाली, यानेही बिघडत नाही, कारण ज्याच्यासाठी सेवा घेतली तो लाभार्थीही ग्राहकच असतो. मुदत घटनेपासून दोन वर्षांची आहे. ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या तक्रार दाखल होते. मोटार अपघात न्यायाधिकरणाचा विचार मात्र करू नका. बोट आणि जेट स्की ही त्या कायद्यातली मोटार वाहने नाहीत.

भरपाईचा आकडा काढताना आयोग मोटार अपघातांतल्या सूत्राचा मार्गदर्शक म्हणून उपयोग करतात. समजा शिलाईतून महिना १२,००० रुपये मिळत होते आणि कायमच्या अपंगत्वामुळे कमाईची क्षमता १५ टक्क्यांनी घटली असे ठरले. वर्षाचे १,४४,००० रुपये, त्याचे १५ टक्के म्हणजे २१,६००, आणि ४१ ते ४५ वयासाठीचा गुणक १४ लावला की ३,०२,४०० रुपये होतात. स्वयंरोजगारात भविष्यातील वाढीचे २५ टक्के धरल्यास ३,७८,००० रुपये. त्यात तीन महिन्यांचे बुडालेले ३६,०००, उपचारांची बिले, घरकामासाठी ठेवलेल्या बाईंचा पगार आणि वेदनांबद्दलची रक्कम मिळवावी. अपंगत्वाचा दाखला आणि कमाईतली घट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये नीट उलगडून सांगितले आहे : मशीनवर वाकून बसणाऱ्या बाईंना दबलेला मणका जितका महागात पडतो, तितका तो उभ्याने काम करणाऱ्याला पडेलच असे नाही. त्यासाठी कोल्हापूरच्या सीपीआरसारख्या शासकीय रुग्णालयातून अपंगत्वाचे प्रमाणपत्र घ्या आणि शिलाईच्या गिऱ्हाइकांची वही, कापड दुकानाची बिले, खात्यात आलेले पैसे, असे जे मिळेल ते जमवा. उत्पन्नाचा पुरावा नसल्याने निम्मी भरपाई जाते, हे मी पुन्हा पुन्हा पाहतो.

समोरून येणारा सर्वांत बोचरा बचाव वेगळाच असेल. ‘त्यांची हाडे आधीच ठिसूळ होती’ असे म्हटले जाईल आणि एमआरआयच्या अहवालातला एखादा शब्द पुढे केला जाईल. जखमी माणूस जसा असेल तसाच त्याला स्वीकारावा लागतो, नाजूक प्रकृती हा चूक करणाऱ्याचा बचाव होत नाही. पण फॉर्ममध्ये पाठीचा किंवा मणक्याचा विकार आहे का असे विचारले असेल आणि तो असूनही लपवला असेल, तर तुमच्याकडेही काही टक्के दोष येईल आणि भरपाई तेवढ्याने कमी होईल. म्हणून आधीच्या पाठदुखीच्या उपचारांचे कागद असतील, तर ते तुमच्या वकिलाला आजच दाखवा. उलटतपासणीत ते पहिल्यांदा बाहेर येऊ नयेत.

पोलिसांकडे जावे का? अस्थिभंग ही भारतीय न्याय संहितेच्या कलम ११६ नुसार जबर दुखापत आहे आणि निष्काळजी कृत्याने ती झाल्यास कलम १२५ खाली तीन वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. बेदरकारपणे नौका चालवण्यासाठी कलम २८२ वेगळे आहे. घटना दुसऱ्या ठाण्याच्या हद्दीतली असली तरी कोल्हापुरातही शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवता येतो. फौजदारी खटल्यातून भरपाई मिळेल अशी आशा ठेवू नये, पण बोट, चालक आणि परवाना यांची नावे पोलीस तपासात कागदावर येतात, आणि तुम्हाला नेमके तेच हवे आहे. ज्या दवाखान्यात प्रथम नेले तिथल्या नोंदीत ‘घरी पडून’ असे तर लिहिलेले नाही ना, हे आधी तपासा. बोटवाल्याबरोबर आलेला माणूस घाईघाईत असे सांगून मोकळा होतो आणि पुढे त्या एका ओळीवर सगळी तक्रार लंगडते.

राहिला २५,००० रुपयांचा प्रस्ताव. बोटवाल्यांनी हात पुढे केला याचे मला वाईट वाटत नाही. आपल्याकडचे बरेचसे जलक्रीडा व्यावसायिक मासेमारीतून आलेले आहेत, हंगाम सात-आठ महिन्यांचा, कर्ज इंजिनाचे, आणि सगळेच काही निर्ढावलेले नसतात. पैसे घ्यायला हरकत नाही. ते खात्यावर घ्या आणि पावतीवर ‘उपचारांच्या खर्चापोटी, अन्य हक्क राखून’ एवढेच लिहा. ‘पूर्ण व अंतिम’, ‘कोणतीही तक्रार नाही’ किंवा ‘राजीखुशीने’ असे शब्द असलेल्या स्टॅम्पपेपरवर मात्र अपंगत्वाचे प्रमाणपत्र हाती येईपर्यंत सही करू नका. राइडच्या आधी घेतलेल्या सहीला न्यायालय फारसे मोजत नाही, पण अपघातानंतर पैसे घेऊन, समजूनउमजून केलेली सही ते मोजते. तडजोड करायचीच असेल, तर तक्रार दाखल करून आयोगामार्फत मध्यस्थीची विनंती करा. तिथे ठरलेली रक्कम आदेशात येते आणि ती न दिल्यास वसुलीची कारवाई करता येते.